पोलाद वितळलं नाही, वाकलं

'जेट इंधनाने पोलादी तुळया वितळत नाहीत.' हे वाक्य आता जगभर विनोदासारखं फिरतं. मीममध्ये आहे, टी-शर्टवर आहे, कुठल्याही व्हिडिओखाली कुणीतरी ते टाकून जातं. माझ्या वयाच्या बहुतेकांना ११ सप्टेंबर २००१ आठवत नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. आम्हाला ती घटना पुढे यूट्यूबवरच्या धुरकट व्हिडिओंमधून कळली, आणि त्यांच्या पाठोपाठ 'खरं काय ते तुम्हाला कुणी सांगणार नाही' छापाच्या दोन-दोन तासांच्या डॉक्युमेंटऱ्या आल्या. त्या सगळ्या डॉक्युमेंटऱ्यांचा पाया म्हणजे हे एक वाक्य.

गंमत म्हणजे त्यातले आकडे बरोबर आहेत. बांधकामाचं पोलाद साधारण १५०० अंश सेल्सिअसला वितळतं. विमानाचं इंधन म्हणजे जवळजवळ रॉकेलच, आणि अशी आग हजार अंशांच्या आसपास राहते. दीड हजारातून एक हजार वजा केले की पाचशे अंशांची तूट उरते. मग ही तूट कुणी भरून काढली, या प्रश्नावर सगळ्या कहाण्या उभ्या राहतात: स्फोटकं, थर्माइट, गुप्त हात.

पण ही वजाबाकी करायचीच कशाला? इमारत पडायला पोलाद वितळावं लागतं, असं कुणी सांगितलं?

मी शिकलो मेकॅनिकल आणि करतो सॉफ्टवेअर. माझ्या पिढीत ही काही नवलाची गोष्ट नाही. चार वर्षांत जे शिकलो त्यातलं बरंचसं नोकरीत कधी लागलं नाही. पण मटेरियल्सच्या लॅबमधलं एक प्रॅक्टिकल अजून लख्ख आठवतं. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनमध्ये माइल्ड स्टीलची कांडी दोन्ही टोकांनी पकडायची आणि ओढत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग काटा जरा अडखळतो, कांडी निमूट लांबायला लागते, मध्ये कंबर बारीक होते, आणि एकदम बंदुकीसारखा आवाज करून ती तुटते. काटा अडखळतो तो क्षण म्हणजे यील्ड. त्याच्या आधी भार काढला तर कांडी होती तशी होते, त्यानंतर मात्र परत येत नाही. इमारतीचं सगळं गणित हा क्षण कधीच येऊ नये यासाठी असतं. आणि हा क्षण कुठे येणार, ते तापमानावर ठरतं.

आपल्याकडे पोलादी बांधकामासाठी जे मानक आहे, आयएस ८००, त्याच्या २००७च्या आवृत्तीत आगीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातलं सूत्र पाचवीतल्या मुलालाही सोडवता येईल इतकं सोपं आहे: ९०५ वजा तापमान, भागिले ६९०. २१५ अंशांपर्यंत पोलादाची ताकद पूर्ण धरायची, त्यापुढे हे सूत्र लावायचं. ५०० अंशांना उत्तर येतं ५९ टक्के. ६०० अंशांना ४४ टक्के. ७०० अंशांना ३०. आणि ९०५ अंशांना शून्य.

हा शून्य नीट बघा. वितळायला अजून सहाशे अंश बाकी आहेत. तुळई घन आहे, आपल्या जागी आहे, तिचं वजनही तेवढंच आहे. पण मानक म्हणतं, हिच्या भरवशावर काहीही ठेवू नका.

खरं तर हे सांगायला मानकाची गरज नाही. ज्याने लोहाराचा भाता चालताना एकदा बघितलाय, त्याला हे माहीत असतं. लोहार फाळ वितळवत नाही. तो लाल-केशरी होईपर्यंत तापवतो, सांडशीने ऐरणीवर धरतो आणि घणाने हवा तसा वळवतो. हाच फाळ थंड असताना वाकवायला गेलात तर खांदा निखळेल. गावोगावच्या लोहारांचा सगळा धंदा 'घट्ट' आणि 'पातळ' यांच्या मधल्या या पट्ट्यात चालतो. आगीत सापडलेली इमारत त्याच पट्ट्यात असते. फरक एवढाच की घणाच्या जागी वरच्या मजल्यांचं वजन असतं, आणि ते थांबून थांबून पडत नाही, सतत बसलेलं असतं.

आता आग किती लवकर तापते ते बघू. बांधकामाचे भाग भट्टीत तपासताना जगभर एक ठरलेला आलेख वापरतात. त्यात भट्टीतली हवा पाच मिनिटांत ५७६ अंशांवर जाते, अर्ध्या तासात ८४२ आणि तासाभरात ९४५. म्हणजे धोक्याचं तापमान यायला विमान लागत नाही, रॉकेलही लागत नाही. खुर्च्या, कागद, पडदे, गालिचे, कापड, प्लॅस्टिक एवढं पुरतं. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांतही विमानांचं इंधन काही मिनिटांतच जळून संपलं होतं. पुढची आग ऑफिसच्या सामानाची होती. इंधनाने काडीपेटीचं काम केलं.

पोलाद स्वतः किती लवकर तापणार, हे त्याच्या जाडीवर ठरतं. बिडाचा तवा तापायला वेळ लागतो, पत्र्याची कढई झटकन तापते. तुळईचंही तसंच. जितकी बारीक, तितकं तिचं पृष्ठफळ वजनाच्या मानाने जास्त, तितकी आग तिला लवकर गाठते. उघडी, लेप न लावलेली हलकी पोलादी रचना मोठ्या आगीत साधारण पंधरा-वीस मिनिटंच भरवशाची, असं अग्निसुरक्षेतले लोक धरून चालतात.

हे सगळं मला पुस्तकात सापडलं तेव्हा ते फार तर 'इंटरेस्टिंग' होतं. ते अंगावर आलं ते इचलकरंजीत, चार वर्षांपूर्वी.

माझ्या मामाचे तिथे यंत्रमाग आहेत. मागांच्या शेडला लागून त्याचं गोडाऊन होतं. अँगलच्या कैच्या, त्यावर पत्रा, आत सुताच्या कोनांची बाचकी आणि ग्रे कापडाचे तागे. मे महिन्यातल्या एका रात्री त्याला आग लागली. बहुधा शॉर्टसर्किट. मामा पोहोचला तेव्हा एक कोपरा पेटला होता आणि दुसऱ्या कोपऱ्यातली ऑफिसची केबिन अजून शाबूत दिसत होती. केबिनमध्ये हिशेबाच्या वह्या होत्या, उधारीची डायरी होती. मामा आत निघाला. बंबाबरोबर आलेल्या एका वयस्क जवानाने त्याला दंडाला धरून मागे ओढला.

"मालक, आत न्हाई जायचं. शेड बसणार हाय."

"अहो, आग तिकडं हाय. हिकडं काय बी न्हाई."

"आग तिकडं असू दे. लोखंड येकच हाय. आत कोण माणूस न्हाई न्हवं? मग वह्या जाऊ द्यात."

मामा सांगतो, त्यानंतर दहा मिनिटंही गेली नसतील. आधी पत्र्याचा कडकडाट झाला, मग छताची मधली रांग सावकाश खाली झुकली, झोपेला आलेल्या माणसासारखी, आणि मग सगळंच एकदम आलं. केबिनवर सुद्धा, जिथे तोवर ज्वाळ पोहोचलीच नव्हती.

आत कोणी नव्हतं, हे खरं तर नशीब. उन्हाळ्यात दोन कामगार गोडाऊनच्या माळ्यावर झोपायचे. लग्नसराईसाठी ते त्या आठवड्यात गावी गेले होते.

मी दोन दिवसांनी गेलो. कैच्यांचे अँगल शेवयांसारखे एकमेकांत गुंतले होते. खांब आतल्या बाजूला कलले होते. मी चक्क वाकून जमिनीवर शोधलं. वितळून गोठलेला लोखंडाचा एक थेंबही कुठे नव्हता. भंगारवाल्याने सगळं काट्यावर घातलं आणि किलोच्या भावाने पैसे दिले. लोखंड तेवढंच होतं, फक्त त्याचं छप्पर राहिलं नव्हतं. मामाने मला विचारलं, "काय रे भाच्या, तू इंजिनियर हाईस. लोखंड काय पेटत न्हाई. मग ते असं का झालं?"

व्हॉट्सअ‍ॅपवर पडणारा तोच प्रश्न होता. पण इथे विचारणारा माणूस त्या छताखाली जाता जाता राहिला होता.

केबिनवरचं छत का आलं, हे समजायला ताकद कमी होणं एवढं पुरत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं: पोलाद तापलं की लांबतं. एक मीटर पोलाद एका अंशाला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. क्षुल्लक वाटतं. पण दहा मीटरची तुळई पाचशे अंशांनी तापली की ती सहा सेंटिमीटर लांब होते. ती सहा सेंटिमीटर कुठे जाणार? दोन्ही टोकांना खांब आहेत. जागा नसेल तर ती खांबांना ढकलते. खांब हलले नाहीत तर ती स्वतःच चेपली जाते. पूर्ण जखडलेल्या तुळईचं तापमान फक्त शंभर अंशांनी वाढलं तरी तिच्यातला ताण नेहमीच्या पोलादाच्या यील्डच्या जवळ पोहोचतो. म्हणजे ताकद कमी होण्याआधीच, निव्वळ लांबण्यामुळे, सांगाडा आपल्याच अंगाशी भांडायला लागतो. मग तुळई मऊ पडते, झोळ खाते, आणि तेव्हा उलटं होतं. आधी बाहेर ढकलत होती, आता आत ओढते. पेटलेल्या कोपऱ्याने न पेटलेल्या कोपऱ्याला असं ओढून खाली आणलं. 'लोखंड येकच हाय' या तीन शब्दांत त्या जवानाने हेच सांगितलं होतं.

आता न्यूयॉर्क.

मनोरे ११० मजल्यांचे होते. बाहेरच्या भिंतीत जवळजवळ मीटरभर अंतरावर खांबांची दाट रांग, प्रत्येक बाजूला ५९. मध्ये गाभ्यात ४७ खांब. या दोन्हींच्या मध्ये मजले पेलायला हलक्या कैच्या, काही ठिकाणी अठरा मीटर लांबीच्या, बारीक गजांच्या. विचार केला तर मामाच्या शेडच्या दूरच्या नातेवाईक. त्यांच्यावर आगीपासून वाचवणारा लेप फवारलेला होता. विमानं आदळली तेव्हा काही खांब तुटले, पण इमारती उभ्या राहिल्या. तुटलेल्यांचा भार शेजारच्या खांबांनी उचलला. मात्र त्या धडकेने आणखी एक गोष्ट केली. धडकेच्या मजल्यांवरचा तो लेप खरवडून काढला.

अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००५मध्ये दिलेल्या अहवालाचा गाभा इथे आहे. उघड्या पडलेल्या कैच्या तापल्या, मजले झोळ खाऊन बाहेरच्या खांबांना आत ओढू लागले. पडण्याआधीच्या फोटोंमध्ये ही वाकलेली भिंत दिसते. उत्तर मनोऱ्याच्या दक्षिण बाजूला ती जवळजवळ १.४ मीटर आत आली होती. आत वाकलेला खांब वरचं ओझं पेलू शकत नाही. दक्षिण मनोरा धडकेनंतर ५६ मिनिटांनी पडला, उत्तर मनोरा १०२ मिनिटांनी. संस्थेचं स्पष्ट मत असं, की लेप मोठ्या प्रमाणावर निघाला नसता तर धडक आणि आग दोन्ही सोसून मनोरे बहुधा उभे राहिले असते. या सगळ्या स्पष्टीकरणात पोलाद वितळल्याचा दावा नाही. मीम ज्या दाव्याची थट्टा करतं, तो त्या अहवालाने केलेलाच नाही.

हॉस्टेलमधला माझा एक मित्र या विषयावर माझ्याशी गेली सहा-सात वर्षं वाद घालतोय. तो मूर्ख नाही. आमच्या बॅचमधल्या हुशार पोरांपैकी आहे. त्याचा सगळ्यात चांगला मुद्दा जुळ्या मनोऱ्यांबद्दल नाहीच. तो तिसऱ्या इमारतीबद्दल आहे. ४७ मजली सातव्या क्रमांकाची इमारत. तिला विमान लागलं नाही. मनोऱ्याचे जळते अवशेष पडून तिला आग लागली आणि त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी ती पडली. पडताना सव्वादोन सेकंद ती कुठलाही अडथळा नसल्यासारखी, गुरुत्वाकर्षणाच्या पूर्ण वेगाने खाली आली. मित्र म्हणतो, "खाली काही शिल्लक नसल्याशिवाय हे होत नाही." आणि हे म्हणणं रास्त आहे. एनआयएसटीनेही तो सव्वादोन सेकंदांचा भाग आपल्या २००८च्या अंतिम अहवालात मान्य केलाय.

प्रश्न इतकाच, की खाली काही शिल्लक का नव्हतं. अहवालातली साखळी अशी आहे. खालच्या मजल्यांच्या स्प्रिंकलरचं पाणी शहराच्या मुख्य जलवाहिनीवरून येत होतं आणि ती तुटली होती. आग विझवायला कुणी नव्हतं. ती सुमारे सात तास मजल्यामजल्यांवर फिरत राहिली. पूर्वेकडच्या लांब तुळया तापून लांबल्या आणि त्यांनी तेराव्या मजल्यावर एक मोठा गर्डर त्याच्या बैठकीवरून ढकलून दिला. तो मजला खालच्यावर पडला, तो त्याच्या खालच्यावर. त्यामुळे ७९ क्रमांकाचा खांब नऊ मजल्यांच्या उंचीत बाजूच्या आधाराशिवाय उभा राहिला. उंच बारीक पट्टी वरून दाबली की ती मोडण्याआधी बाजूला फुगते, तसा तो फुगला. मग आतला भाग एकेक करत गेला, आणि बाहेरचं कवच जे आपल्याला व्हिडिओत पडताना दिसतं, ते सगळ्यात शेवटी. कवच पडायला लागलं तोपर्यंत आत फारसं उरलं नव्हतं. यातलं तापमानसुद्धा ध्यानात घेण्यासारखं आहे. ही सुरुवात पोलाद मऊ पडून झाली नाही, लांबल्यामुळे झाली, आणि तीही डिझायनर ज्या तापमानाला सहसा घाबरतात त्याच्या बऱ्याच खाली. केवळ आगीमुळे उंच इमारत पूर्ण कोसळल्याचं हे पहिलं ज्ञात उदाहरण, असं एनआयएसटीने नोंदवलं.

मित्राला हे पटत नाही. त्याचा खरा आक्षेप पोलादाला नाहीच. "ज्यांनी इराकमधल्या अण्वस्त्रांबद्दल जगाला खोटं सांगितलं, त्यांनी इमारतीबद्दल दिलेला रिपोर्ट मी का मानू?" याला मी हसण्यावारी नेत नाही. सरकारांवर डोळे झाकून विश्वास ठेवायचं काही कारण नाही. पण पोलादाचा आलेख कुठल्याच सरकारच्या मालकीचा नाही. १९ जानेवारी २०१७ला तेहरानमध्ये प्लास्को नावाची सतरा मजली, जुनी पोलादी इमारत आगीत पडली. आत कपड्यांचे कारखाने होते. आग लागल्यापासून साडेतीन तासांत, कॅमेऱ्यांसमोर, ती बसली आणि आत गेलेले अग्निशमन दलाचे १६ जवान गेले. इराण सरकार अमेरिकेच्या अहवालाला पुरावा पुरवायला बसलेलं नाही. इचलकरंजीचं गोडाऊन तर नाहीच नाही.

पण म्हणून 'आग लागली की पोलाद पडणारच' असंही नाही. उलटी उदाहरणं तितकीच बोलकी आहेत. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन इथे एअरशिपच्या जुन्या हँगरमध्ये आठ मजली पोलादी इमारत मुद्दाम उभारली आणि १९९५-९६मध्ये मुद्दाम पेटवली. लेप नसलेल्या तुळया हजार अंशांच्या आसपास गेल्या. सूत्राप्रमाणे त्यांची ताकद संपलेली. मजले चांगलेच झुकले, पण पडले नाहीत. कारण तुळई गेली तरी वरचा काँक्रीटचा स्लॅब, त्यातल्या सळ्यांच्या जाळीसकट, झोळीसारखा ताणला गेला आणि भार शेजारी देऊन मोकळा झाला. एकेकटी तुळई आणि अख्खी इमारत यांचं वागणं वेगळं असतं.

माद्रिदच्या विंडसर टॉवरमध्ये २००५च्या फेब्रुवारीत हे दोन्ही एकाच इमारतीत दिसलं. ३२ मजले, मधला गाभा काँक्रीटचा, बाहेरच्या कडेला पोलादी खांब. खांबांना लेप लावायचं काम खालून वर चाललं होतं. आग लागली तेव्हा ते बरंच खालीच होतं. सतराव्या मजल्याच्या वरचा पोलादी कडा कोसळला. काँक्रीटचा गाभा जळून काळा होऊन उभा राहिला. काम कुठपर्यंत आलं होतं, हे जणू आगीने रेघ मारून दाखवलं.

फिलाडेल्फियामधल्या वन मेरिडियन प्लाझाची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९९१मध्ये ही ३८ मजली इमारत अठरा तासांहून जास्त जळली. तीन जवान गेले. २२व्या मजल्यावरून आग वर चढत गेली आणि तिसाव्या मजल्यावर थांबली. कारण त्या मजल्यावर स्प्रिंकलर बसवलेले होते. आठ मजले खाऊन आलेली आग दहा स्प्रिंकलरनी अडवली. इमारत पडली नाही.

आमच्या धंद्यात टाइमआउट नावाची गोष्ट असते. समोरचा सर्व्हर अमुक सेकंदांत उत्तर देईल असं धरायचं, पुढे नाही. इमारतीचं 'दोन तासांचं फायर रेटिंग' हे तसंच काहीतरी आहे. ती कधीच पडणार नाही असं वचन त्यात नाही. तो ठरलेल्या भट्टीत मोजलेला वेळ आहे, आणि माणसं जिन्याने खाली यायला तो मिळवलेला असतो. जुळ्या मनोऱ्यांत त्या सकाळी अंदाजे १७,४०० माणसं होती. त्यातली सुमारे ८७ टक्के बाहेर पडली. धडकेच्या खालच्या मजल्यांवरची तर ९९ टक्के. ती ५६ आणि १०२ मिनिटं नसती तर काय झालं असतं, याचा हिशोब करवत नाही. पुढे अमेरिकेच्या मॉडेल बिल्डिंग कोडमध्ये बदल झाले. फार उंच इमारतींना एक जादा जिना लागेल आणि लेप पूर्वीपेक्षा खूप घट्ट चिकटलेला असला पाहिजे, असं ठरलं.

हा लेप म्हणजे काही जादू नाही. जिप्सम, सिमेंट, व्हर्मिक्युलाइट. जिप्समच्या वजनाचा पाचवा भाग पाणी असतं. ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचं पोलाद फार तापत नाही. दुसरा प्रकार रंगाचा. दिसायला साधा ऑइलपेंट, पण तापला की फुलक्यासारखा फुगतो आणि पोलादावर जाड, सच्छिद्र कोळशाची गादी तयार होते. आपल्या राहत्या इमारतींत पोलाद सहसा काँक्रीटच्या पोटात असतं. सळईवरचं दोन-चार सेंटिमीटरचं काँक्रीट, ज्याला साइटवर 'कव्हर' म्हणतात, तोच तिचा लेप. म्हणून गळतीने स्लॅबचं कव्हर निखळून सळ्या दिसायला लागल्या, तर तो फक्त गंजाचा आणि रंगरंगोटीचा प्रश्न नसतो.

मी पुण्यात चौदाव्या मजल्यावर राहतो. महाराष्ट्रातल्या अशा इमारतींना अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा 'फॉर्म बी' दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो. आमच्या सोसायटीत तो वेळेवर जातो. पण इंटरनेटच्या केबल टाकताना डक्टमधली अग्निरोधक भरणी फोडून गेलेलं भोक बुजवायला मला दोन मीटिंगा घालवाव्या लागल्या, आणि रेफ्यूज एरियातल्या जुन्या सोफ्यांचा विषय अजून 'पुढच्या मीटिंगला' आहे. मित्राला हे सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "एवढं गणित करून शेवटी सोफा?" हो, शेवटी सोफाच. मेरिडियनच्या तिसाव्या मजल्यावरही दहा स्प्रिंकलरच होते.

मामाची नवी शेड उभी राहिली. फुगणाऱ्या रंगाचं कोटेशन बघून तो म्हणाला, "एवढ्यात दोन माग येतात." मग आम्ही दोघं वही घेऊन बसलो. सगळ्या कैच्यांना रंग परवडणार नव्हता. मी म्हटलं, "मामा, खांबांना तरी लावू. कैची गेली तर एक गाळा जाईल, खांब गेला तर सगळंच जाईल." खांबांना रंग लागला. गोडाऊन आणि मागांच्या मध्ये विटांची पूर्ण उंचीची भिंत आली. केबिन शेडच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला गेली. माळा मामाने बांधलाच नाही. कामगारांसाठी मागच्या अंगाला दोन पक्क्या खोल्या काढल्या.

"खोल्यांना खर्च जास्त आला," तो मला फोनवर सांगत होता. "पण आता रात्री कुणी इचारलं, आत कोण हाय का, तर मोजत बसाय नको. न्हाई म्हणून सांगता येतंय."